उलटे वेढे

बायकोने चहाचा कप पुढे ठेवला तेव्हा ड्रेसरला आधी दिसली ती पट्टी, मग कप, आणि बायको सगळ्यात शेवटी. उजव्या हाताच्या तर्जनीला टोकापासून बुंध्यापर्यंत पांढरीशुभ्र पट्टी होती. प्रत्येक वेढा आधीच्याला बरोबर अर्धा झाकणारा, आणि शेवटचं टोक मनगटावर नेऊन चिकटपट्टीने बसवलेलं. काम चांगलं होतं. चांगलं होतं हेच त्याला पहिल्यांदा खुपलं. मग त्याने कप उचलायच्या निमित्ताने मान जरा तिरकी केली आणि त्याच्या लक्षात आलं की वेढे उलटे फिरलेत. ‘‘बोटाला काय झालं?’’ त्याने विचारलं. ‘‘पीन लागली होती ना, जुना सोफा उसवताना,’’ ती म्हणाली, डबा पिशवीत घातला, चप्पल सरकवली आणि कामावर निघून गेली. तो तसाच बसून राहिला. सव्वीस वर्षं तो हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत लोकांच्या जखमा धूत आणि बांधत आला होता. लोक डॉक्टरचं नाव विचारतात, सिस्टरला नमस्कार करतात आणि ड्रेसरला ‘अहो जरा हळू’ एवढंच म्हणतात. पण दुसऱ्याने बांधलेली पट्टी सोडताना ती कोणी बांधली हे त्याला लगेच कळायचं. अमक्या सिस्टरची पट्टी सैल, तमक्या शिकाऊ डॉक्टरची फाशी दिल्यासारखी. उजव्या हाताने बांधणाऱ्याचे वेढे एकीकडे वळतात, डावखुऱ्याचे दुसरीकडे. हे पेशंटला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही. आणि या अख्ख्या शहरात असा सफाईदार हात असलेला डावखुरा एकच होता.

त्याला सगळे डावऱ्याच म्हणत. दोघे एकाच खोलीत, समोरासमोरच्या दोन टेबलांवर नऊ वर्षं काम करत होते. डावऱ्या उंच, हसरा, जरा जास्तच बोलका. बाहेरच्या बाकावर पेशंटची रांग असायची, आणि शिपायाने दार उघडून ‘चला पुढचा’ म्हटलं की निम्मे लोक मुद्दाम चपलेशी चाळा करत मागे रेंगाळायचे, डावऱ्याचं टेबल रिकामं होईपर्यंत. ड्रेसरला हे दिसत नव्हतं असं नाही. तो मान खाली घालून कापूस कापत राही. मग बायकोच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. सकाळची वेळ, बाकावर तीस माणसं, आणि ती रिक्षातून लंगडत आलेली. ‘‘त्याच्याकडे बस,’’ ड्रेसर म्हणाला होता, ‘‘माझ्याकडे आज गर्दी आहे.’’ आपणच म्हणालो होतो, आपल्याच तोंडाने, हे त्याला आजही आठवलं की तोंड कडू होत असे. मधे हिरवा पडदा होता. तो एका म्हाताऱ्याची मांडी धूत होता आणि पडद्यापलीकडून त्याची बायको हसली. भाजलेल्या पायाची कातडी कोणी उचलत असताना माणूस हसतो कसा? नंतर त्याने विचारलं तेव्हा डावऱ्या म्हणाला, ‘‘काही नाही रे, पाय हलवू नये म्हणून काहीतरी बडबडायचं.’’ अकरा दिवस ती येत होती. अकरा दिवस तो पडद्याकडे पाठ करून काम करत होता आणि कान मात्र पडद्याला लावून होता. बाराव्या दिवशी घरी, नव्या गुलाबी कातडीवरून बोट फिरवत ती सहज म्हणाली, ‘‘हलका हात आहे त्यांचा.’’ बस, एवढंच. पुढच्याच वर्षी डावऱ्या हॉस्पिटल सोडून एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेला, आणि ड्रेसरने निरोपाच्या दिवशी त्याच्या गळ्यात हार घालताना मनातल्या मनात सुटलो म्हटलं. तो दवाखाना बायको कामाला जाते त्या सोफ्याच्या वर्कशॉपच्या रस्त्यावरच आहे हे त्याला नंतर कळलं. तेव्हापासून आठ वर्षं तो त्या रस्त्याने गेला नव्हता.

आज मात्र जेवणाच्या सुट्टीत पाय तिकडे वळले. सकाळभर त्याने कसंबसं काम रेटलं होतं. एका बाईच्या टाचेच्या जखमेत भरलेली कापडाची वात काढताना ती ‘आई गं’ म्हणाली तेव्हा तो ‘एवढंसं तर आहे’ असं खेकसला, आणि सिस्टरने भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं. त्याचं चित्त त्या बोटात होतं. कापसाचा बोळा चिमट्यात धरला की त्याला ते बोट दिसे, दुसऱ्याच्या तळहातावर ठेवलेलं. बोटाला पट्टी बांधायची म्हणजे आधी तो हात आपल्या हातात घ्यावा लागतो. मनगटाखाली आपला तळवा, तिचा अंगठा बाजूला सारलेला, बाकीची तीन बोटं हलकेच मिटवलेली. सव्वीस वर्षांत हजारो हात त्याने असे धरले होते, बायकांचे, पोरींचे, आणि त्यात काही असतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता मात्र त्यात सगळं काही असतं असं वाटू लागलं. दवाखान्याला रस्त्याच्या बाजूने काच होती, खालची निम्मी दुधी, वरची साधी. समोरच्या फुटपाथवर किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीआड तो उभा राहिला. डावऱ्या पाठमोरा होता. केस पिकले होते, खांदे उतरले होते, पण डावा हात तसाच फिरत होता, घाई नाही, थांबणं नाही; एका म्हाताऱ्याच्या घोट्याला तो पट्टी बांधत होता आणि म्हातारा मान मागे टाकून हसत होता. ‘‘किल्ली बनवायची आहे का?’’ टपरीवाल्याने विचारलं. ‘‘नाही,’’ ड्रेसर म्हणाला. ‘‘मग जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.’’ तो बाजूला झाला. आत जाऊन विचारावं, काय रे, माझी बायको आली होती का, असं एकदा मनात आलं. पण विचारायचं कुठल्या तोंडाने? हो आली होती, बोट सुजलं होतं, बांधून दिलं, त्यात काय, असं तो म्हणाला असता, आणि त्यात खरंच काही नव्हतं. म्हणजे ती बोट घेऊन कुणाकडेही गेली असती तर त्यात काही नव्हतं. ती नेमकी याच्याकडे गेली. घरात ड्रेसर असताना!

परतताना त्याला मोठे डॉक्टर आठवले. ते आता निवृत्त झाले होते, पण पूर्वी दर शनिवारी शिकाऊ पोरांना घेऊन वॉर्डात फिरत आणि ड्रेसरच्या हातात ट्रे देऊन त्याला पलंगाशेजारी उभं करत. पोरांसाठी सांगितलेलं सगळं ड्रेसरने फुकटात ऐकलं होतं. काटा घुसला, पीन टोचली, की त्याबरोबर जंतू आत जातात. तिथल्या तिथे पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्या आधी बोंब ठोकतात. मग आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, रक्ताची गर्दी होते, म्हणून लाली, म्हणून ऊब. भिंतीतून पाणी पाझरतं, म्हणून सूज. आणि सूज शिरांना रेटते म्हणून ठणका. त्या पाझरणाऱ्या भिंतीतून पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडतात, वास काढत जंतूंपर्यंत पोचतात, त्यांना गिळतात आणि गिळता गिळता मरतात. ‘‘ज्याला तुम्ही नाक मुरडता तो पू म्हणजे काय?’’ मोठे डॉक्टर विचारत आणि स्वतःच उत्तर देत, ‘‘तुमच्यासाठी मेलेली माणसं आहेत ती. मान द्या त्यांना.’’ पोरं हसत. मग ते एकदम गंभीर होत. या सगळ्या मारामारीभोवती शरीर एक कुंपण उभं करतं, आग तिथेच राहावी म्हणून. गळू पिकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कच्चं दाबलंत तर कुंपण तुम्ही तोडलंत, मग तो पू कुठे जाईल ते देव जाणे. हे ड्रेसरला इतकं पाठ होतं की स्वतः बाकावरच्या पेशंटना तो तेच सुनवत असे. आणखी एक गोष्ट ते सांगत. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या उरतात आणि त्यांना शत्रूचं तोंड लक्षात राहतं, वर्षानुवर्षं. तोच शत्रू पुन्हा आला तर पहिल्या वेळी ज्याला आठवडा लागला ते दोन दिवसांत होतं, आणि दुप्पट जोराने. एका पोरीने विचारलं होतं, ‘‘सर, आपलं कोण आणि परकं कोण हे त्यांना कळतं कसं?’’ मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला होता. ‘‘बहुतेक वेळा कळतं,’’ ते म्हणाले होते. ‘‘नाही कळत तेव्हा माणूस स्वतःच्याच सांध्यांनी लुळा होतो.’’ ड्रेसरला त्या वेळी ट्रे जड झाला होता आणि कधी एकदा फेरी संपते असं झालं होतं, म्हणून पुढचं त्याने नीट ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ती आली तेव्हा उजेड होता. तो खिडकीपाशी खुर्ची घेऊन तयारच बसला होता, समोर दुसरी खुर्ची, मधे स्टुलावर कात्री, कापूस, औषधाची बाटली. ती दारात थबकली. ‘‘अगंबाई,’’ ती म्हणाली, ‘‘आज इकडे कसा दवाखाना उघडला?’’ त्याला तो टोमणा वाटला आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘बस, बघू दे,’’ तो म्हणाला. तिने हात पुढे केला. त्याने पट्टी सोडायला सुरुवात केली आणि एकेक उलटा वेढा सोडताना त्याला आपल्याच हाताची दिशा चुकल्यासारखी झाली. आत बोटाचं पेर लालभडक, तुकतुकीत, दगडासारखं टणक. कुठेही पिवळं तोंड नाही. कच्चं, पूर्ण कच्चं. दोन दिवस शेक, गोळ्या, आणि पिकलं की सर्जनकडे. बघताक्षणी त्याला हे कळलं होतं, हे पुढे त्याने स्वतःपाशीही नाकारलं नाही. ‘‘कोणी बांधली होती पट्टी?’’ त्याने विचारलं. आवाज साधा ठेवायचा असं त्याने दिवसभर घोकलं होतं, पण तो साधा निघाला नाही. बायकोने मान वर केली. ‘‘कोणीतरी बांधायला नको का?’’ ती म्हणाली. ‘‘नाव नाही का त्याला?’’ ‘‘कशाला हवंय नाव? बांधलेली वाईट आहे का?’’ ती वाईट नव्हती, तेच तर दुखणं होतं. त्याच्या पोटात काहीतरी पेटलं आणि ते छातीत, खांद्यात, दंडात, थेट बोटांच्या टोकांपर्यंत आलं. त्याचे दोन्ही अंगठे तिच्या बोटाच्या दोन बाजूंना होते. त्याने दाबलं. एकदा दाबून थेंबभर रक्ताळलेलं पाणी आलं, तर आणखी जोराने दाबलं, मुळापासून, पिळून काढावं तसं. घरी माझ्याकडे आण, बाहेर कुणाकडे नेऊ नकोस, असं काहीतरी तो म्हणत होता. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, पण तिची नजर बोटावर नव्हती, त्याच्या तोंडावर होती. मग त्याने औषध लावलं आणि पट्टी बांधली, सुलटी, घट्ट, आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सकाळी ती उठली नाही. अंग तापाने फणफणलं होतं. त्याने तिची बाही वर केली. मनगटापासून आतल्या बाजूने कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती, पेन्सिलीने ओढावी इतकी सरळ, आणि काखेत अवधाणाची गाठ आली होती. दुसऱ्या कुणाच्या हातावर ही रेघ दिसली असती तर तो बाकावरच्या नातेवाइकांवर ओरडला असता, काय झोपला होता का! रिक्षात तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं नाही, दुसऱ्या बाजूला टेकलं. हॉस्पिटलमध्ये सगळे ओळखीचे, त्यामुळे रांग नाही, कागद नाही, दहा मिनिटांत सर्जनबाई आल्या. त्यांनी बोट वळवून पाहिलं. पेराच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांचे दोन काळेनिळे डाग होते. ‘‘हे दाबलंय कोणी?’’ त्यांनी विचारलं. ‘‘कामावर सोफ्याची लाकडी चौकट पडली बोटावर,’’ बायको म्हणाली. ती पटकन म्हणाली, जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. सर्जनबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग हातमोजे चढवले. चीर द्यायला वीस मिनिटं लागली. तो बाहेर बाकावर बसला, जिथे सव्वीस वर्षांत तो कधी बसला नव्हता, आणि तिथून आत काय चाललंय ते काहीही कळत नाही हे त्याला प्रथमच कळलं. बाहेर आल्यावर सर्जनबाई म्हणाल्या, ‘‘पू बराच आत होता. सलाइनमधून औषध चालू केलंय, ताप उतरेल. प्रश्न बोटाचा आहे. आत वात घातली आहे, ती रोज बदलायची, अगदी सैल ठेवायची. जरा दाबून भरली तर आतली शीर चिकटेल आणि बोट वाकणार नाही. सुईकाम करतात ना त्या? मग सुई विसरा. अर्थात तुम्ही घरचेच आहात, तुमच्याहून चांगलं कोण करणार?’’

तो पलंगाशेजारी गेला. तिचा हात उशीवर वर ठेवलेला, त्यावर भलीमोठी पांढरी मूठ. त्याने सांगितलं, रोज ड्रेसिंग लागेल, मी सकाळी ड्यूटीच्या आधी करीन. ती छताकडे बघत होती. ‘‘तुम्ही नको,’’ ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधं, भाजीत मीठ नको म्हणावं तसं. शेजारी सिस्टर सलाइनचे थेंब मोजत होती, तिने न ऐकल्यासारखं केलं. ड्रेसरच्या कानशिलात रक्त चढलं. ‘‘म्हणजे डावऱ्याच पाहिजे,’’ तो म्हणाला. कालपासून दातांमागे धरून ठेवलेला शब्द असा सिस्टरदेखत बाहेर पडला. बायकोने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती, नुसतं कोडं पडलं होतं. ‘‘कोण डावऱ्या?’’ ती म्हणाली. मग कपाळाला आठी घालून, आठवत, ‘‘तो पाय भाजला होता तेव्हाचा? तो इथे आहे अजून?’’ ती खोटं बोलत असती तर त्याला आवडलं असतं. ती खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं तो ज्याला मनात पोसत होता त्याला ती साफ विसरून गेली होती. ‘‘मग ती पट्टी,’’ तो म्हणाला, ‘‘उलटी कशी होती?’’ ‘‘मीच बांधली होती ती,’’ ती म्हणाली. ‘‘उजव्या हाताला बांधायची तर डाव्यानेच बांधणार ना? टोक अंगठ्याखाली धरलं आणि बाहेरच्या अंगाने फिरवत गेले. चार वेळा सुटली. पाचव्यांदा बसली.’’ तिने डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच पुढे बोलली. ‘‘रविवारी तुम्हाला दाखवायला आणलं होतं मी बोट. तुमच्यापुढे धरलं. गरम पाण्यात बुडव म्हणालात. पेपरातून मान काढली नाहीत.’’ ‘‘मग काल विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?’’ ‘‘काल तुम्ही बोटाचं कुठे विचारत होता?’’

रविवार त्याला आठवेना. पेपर आठवला, चहाचा डाग पडलेला, बातमीसुद्धा आठवली, पण समोर धरलेलं बोट आठवेना. आता सगळं उलगडलं म्हटल्यावर आतली आग विझायला हवी होती, निदान शरमेने तरी. ती विझली नाही. सिस्टरने बायकोचं मनगट उचलून नाडी बघितली तर त्याला सिस्टरचा हेवा वाटला. वॉर्डबॉय मामाने उशी सारखी केली आणि बायको त्याला ‘बरं वाटलं हो’ म्हणाली, तर मामाचा हेवा वाटला. कोणीही तिला हात लावू शकत होतं, अख्ख्या हॉस्पिटलात फक्त एकाला बंदी होती. ‘‘दुसरं कोणी चालेल?’’ त्याने विचारलं. ‘‘कोणीही चालेल,’’ ती म्हणाली. तो दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. ड्रेसिंगच्या खोलीत आता त्याच्या जोडीला दोघे होते. एकाची पट्टी सैल होती पण वात तो ठासून भरायचा. दुसऱ्याला मोबाइलशिवाय जग नव्हतं. सिस्टर लोकांना वॉर्डातून सवड नव्हती. बोट वाकायला हवं होतं. त्याने मनातल्या मनात या शहरातले सगळे हात एकेक करून तपासले, अगदी प्रामाणिकपणे, आपला धरून, आणि शेवटी एकच उरला.

सिस्टरच्या टेबलावरच्या फोनवरून त्याने त्या दवाखान्याचा नंबर फिरवला. तो कधी फिरवला नव्हता, पण पाठ होता. ‘‘हॅलो,’’ पलीकडून आवाज आला, आणि मग ओळख पटल्यावर, ‘‘अरे बापरे! बोला महाराज, आठ वर्षांनी वाट चुकलात की काय?’’ ड्रेसरने सांगितलं, घरचं पेशंट आहे, बायको, उजवी तर्जनी, पेराच्या आतला पू काढलाय, वात आहे, दहा-बारा दिवस लागतील, मी बाईंना विचारून ठेवतो, तुझा दवाखाना सुटला की येशील का. डावऱ्या लगेच हो म्हणाला. मग त्याने कामाचं विचारायला सुरुवात केली, तोंड कुठे आहे, चीर किती, हाडाला लागलंय का. लाल रेघेचं ऐकल्यावर तो थांबला. ‘‘रेघ कोपरापर्यंत? एका रात्रीत?’’ तो म्हणाला. ‘‘कच्चं दाबलं असणार कुणीतरी. कुठल्या गाढवाने दाबलं?’’ टेबलापलीकडे सर्जनबाई उभ्या राहून बायकोचा कागद लिहीत होत्या. सोफ्याची चौकट जिभेवर तयार होती, आयती, बायकोने दिलेली. ‘‘मी दाबलं,’’ ड्रेसर म्हणाला. सर्जनबाईंचं पेन थांबलं. ‘‘तू?’’ डावऱ्या म्हणाला. ‘‘तू दाबलंस? तू तर बाकावर लोकांना शिव्या द्यायचास यावरून. झालं काय तुला?’’ ‘‘राग आला होता.’’ ‘‘वहिनींचा?’’ ‘‘नाही, तुझा.’’ पलीकडे कुणीतरी खोकत होतं, कुठली तरी खुर्ची सरकली. ‘‘माझा?’’ डावऱ्या म्हणाला. ‘‘अरे, मी काय केलं?’’

‘‘काही नाही,’’ ड्रेसर म्हणाला. ‘‘तू पाचला ये. मी बाहेर बसतो.’’